देशविचार : एका राज्यातील तीन देश

‘देश’ या संज्ञेने आयुर्वेदास भूमी आणि आतुर असे दोन्ही अर्थ अभिप्रेत आहेत. त्यांपैकी भूमिदेशाचे जांगल, आनूप व साधारण हे भेद आपणां सर्वांस परिचित आहेत. तथापि संपूर्ण महाराष्ट्र एकच देश समजून चिकित्सा व द्रव्यसंग्रह केल्यास दोन्हींत प्रमाद संभवतो, असे आम्हांस वाटते.

कोकणची किनारपट्टी पाहावी. जांभ्याची जमीन, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस, नारळी-केळींच्या बागा. चरकाचार्यांनी आनूप देश वर्णिताना नारळ व केळ यांचाच उल्लेख केला आहे. सह्याद्री ओलांडताच पर्जन्यछायेचा पट्टा लागतो. तेथे दिसणारे खैर व बोर हे वृक्ष चरकोक्त जांगल देशाचे होत. पूर्व विदर्भात मात्र भातशेती, तलाव आणि सागवानी अरण्ये एकत्र नांदतात. तेथे मिश्र लक्षणे आढळतात.

हा भेद जिल्ह्याच्या सीमाही मानीत नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात तो 500 मिलिमीटरांच्या आसपास असतो. म्हणून रुग्णाचा जिल्हा नव्हे, गाव विचारावे. आनूपात कफ-वाताचे, तर जांगलात वात-पित्ताचे प्राबल्य सांगितले आहे. माणचा रुग्ण मुंबईस स्थायिक झाला असेल, तर जन्मदेश व निवासदेश असे दोन्ही नोंदवावेत.

औषधी विक्रेत्यांसही हा विचार तितकाच उपयुक्त आहे. लवणभास्कर, हिंग्वाष्टक यांसारखी सलवण चूर्णे कोकणच्या पावसाळ्यात लवकर ओलावा धरतात. ती लहान, हवाबंद पुड्यांत ठेवणे श्रेयस्कर.

द्रव्यसंग्रहासाठी चरकाचार्य साधारण वा जांगल भूमी प्रशस्त मानतात. सुश्रुताचार्य तर कर्मानुसार भूमी निवडण्यास सांगतात : विरेचनद्रव्ये पृथ्वी व जल यांच्या गुणांनी युक्त भूमीतील, वमनद्रव्ये अग्नी, आकाश व वायू यांच्या गुणांनी युक्त भूमीतील. बाजारातून येणाऱ्या पोत्यावर मात्र बहुधा केवळ द्रव्याचे नाव असते. नाव एक, पण भूमी निराळी असल्यास गुणांत अंतर पडणारच.

यास्तव खरेदीच्या वेळी तालुका, मातीचा प्रकार व संग्रहाचा ऋतू या तीन गोष्टी पुरवठादारास विचारून नोंदवहीत लिहाव्यात, अशी आमची विनंती आहे. अपेक्षित गुण न आल्यास दोष कल्पाचा की मूळ द्रव्याचा, याचा शोध त्या नोंदीवरूनच घेता येईल.