बाजारात पास, वर्गात नापास

आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेल्या दहा-अकरा वर्षांच्या एखाद्या मुलीशी हिशेब करून पाहा. १२ रुपयांची एक अशा ३ जुड्या घ्या आणि ५० ची नोट द्या. आपण पिशवी सावरेपर्यंत १४ रुपये हातावर ठेवलेले असतात. तीच मुलगी वर्गात फळ्यावर ‘५० – (१२ × ३)’ पाहते आणि गप्प होते. गुरुजी म्हणतात, ‘गणितात कच्ची आहे.’ घरचेही तेच धरून चालतात. पुढे विज्ञान झेपणार नाही, मग दहावी कशी होणार, असं करत करत एका शेऱ्यावर मुलीची सगळी वाट ठरून जाते. पण ती खरंच कच्ची आहे का?

या प्रश्नाचा माग काढणारा एक गाजलेला अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि आनालुसिया श्लिमान हे संशोधक गिऱ्हाईक बनून रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांकडे गेले. मुलं होती फक्त पाच, वय ९ ते १५. खरेदी करता करता त्यांना हिशेब विचारले. नंतर त्याच आकड्यांची गणितं वही-पेन्सिल देऊन सोडवायला सांगितली. बाजारात ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तेच गणित शाब्दिक उदाहरण म्हणून घातलं तेव्हा ७४ टक्के, आणि नुसते आकडे मांडून दिले तेव्हा अवघी ३७ टक्के.

नारळ विकणाऱ्या १२ वर्षांच्या मुलाचं उदाहरण बोलकं आहे. एक नारळ ३५ ला, तर १० चे किती? त्याने ३५ पुढे शून्य दिलं नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, पुन्हा तीन म्हणजे ३१५ आणि वरचा एक, झाले ३५०. चार नारळांचे १४० सुद्धा त्याने असेच जोडत जाऊन अचूक सांगितले. कागदावर मात्र ३५ गुणिले ४ चं उत्तर लिहिलं २००. चार पंचे वीस, हातचे दोन. पण हे दोन त्याने आधीच तीनमध्ये मिळवले आणि मग पाचला चारने गुणलं. बाजारात ४ नारळांचे २०० मागितले असते, तर गिऱ्हाईक भांडायला उठलं असतं. कागद भांडत नाही. उत्तर पटण्यासारखं आहे का, हे जोखायला मुलाजवळ काहीच उरलं नव्हतं.

पाच मुलांवरून केवढा निष्कर्ष काढणार, अशी शंका रास्त आहे. तिचं उत्तर २०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलं, आणि तेही आपल्याच देशातून. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४०० हून अधिक मुलांचा अभ्यास केला. अवघड व्यवहार तोंडी करणारी ही मुलं शाळेच्या पद्धतीच्या सोप्या गणितांत अडखळली. जवळपासच्या शाळांतल्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांचं उलट झालं. वहीतली गणितं त्यांना बरी जमली, पण बाजारातला हिशेब सुटेना. म्हणजे दोन्हीकडे ज्ञान होतं, फक्त एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला पूल नव्हता.

हमालाचं ‘कार्य’ शून्य?

गणितात आकडे तरी तेच असतात. विज्ञानात तर शब्दच फसवतात. बल, वजन, ऊर्जा, कार्य हे सगळे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द. पाठ्यपुस्तक सांगतं, बल लावल्यावर वस्तूचं विस्थापन झालं तरच कार्य झालं. मग डोक्यावर पोतं घेऊन एका जागी तासभर उभ्या राहिलेल्या हमालाने पोत्यावर केलेलं कार्य शून्य! ज्या मुलाचे वडील हमाली करतात, त्याला हे कसं पटावं?

इथे मुलाचा अनुभव खोटा नाही. पोतं हलत नसलं, तरी हमालाच्या स्नायूंचे तंतू सतत आकुंचन पावत असतात, सैलावत असतात. त्यासाठी शरीर अन्नातली ऊर्जा खर्च करतं आणि तिची उष्णता होते. म्हणून तो दमतो, घामाघूम होतो. पोत्याला मात्र त्यातली ऊर्जा मिळत नाही. भौतिकशास्त्राच्या व्याख्येत हिशेब पोत्याचा आहे, दमण्याचा नाही. शिक्षकांनी एवढं सांगितलं तर व्याख्याही कळते आणि वडिलांच्या कष्टांचा अपमानही होत नाही. नाही सांगितलं, तर मूल परीक्षेपुरती व्याख्या पाठ करतं आणि मनात म्हणतं, विज्ञान म्हणजे काहीतरी भलतंच.

हा धागा मध्य प्रदेशात फार पूर्वी पकडला गेला होता. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत ‘होशंगाबाद विज्ञान’ हा उपक्रम सुरू झाला. मुलांनी परिसरात फिरायचं, पानं-कीटक गोळा करायचे, स्वतः प्रयोग करायचे आणि निष्कर्षावर वर्गात वाद घालायचा. परीक्षेलाही पुस्तक उघडून बसायची मुभा होती. अरविंद गुप्ता यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस इथेच काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीच्या आकृत्या बनवल्या. त्यांच्या टाकाऊतून केलेल्या खेळण्यांनी पुढे पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत पिढ्यान्‌पिढ्या मुलं रमली. होशंगाबादचा उपक्रम शेकडो शाळांत पोहोचला, पण २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला.

संगणकाला काय दिसतं?

आता शिक्षकाच्या जोडीला संगणक आला आहे. मुलाच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न बदलणारे कार्यक्रम अनेक शाळांत आणि मोबाइलवर आहेत. यातली एक जुनी, प्रसिद्ध पद्धत १९९० च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी मांडली. प्रत्येक कौशल्यासाठी संगणक चार शक्यता धरतो. मुलाला हे आधीच येत असेल, आत्ताच्या सरावातून आलं असेल, उत्तर अंदाजाने बरोबर आलं असेल, किंवा येत असूनही चुकलं असेल. दर उत्तरानंतर तो आपला अंदाज सुधारतो आणि पुढचं गणित निवडतो.

याचा फायदा होतो. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या कार्यक्रमाच्या शाळेबाहेरच्या केंद्रांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणाला प्रवेश मिळणार हे सोडतीने ठरवलं होतं. साडेचार महिन्यांत प्रवेश मिळालेल्या मुलांची गणितातली प्रगती न मिळालेल्यांच्या सुमारे दुप्पट झाली. मुलं इयत्तेच्या बरीच मागे होती आणि संगणकाने त्यांना ती होती तिथून उचललं, हे यामागचं मोठं कारण.

पण आपला नारळवाला मुलगा अशा संगणकासमोर बसवला तर? ‘गुणाकार’ या रकान्यात त्याची उत्तरं चुकत जातील आणि यंत्र त्याला आणखी सोपे, आणखी कोरडे गुणाकार देत राहील. त्याला गुणाकार येतो, फक्त या रूपात येत नाही, हे कळायला यंत्राने तोच प्रश्न दुसऱ्या रूपात विचारायला हवा. ‘३५ × ४ चुकलं? बरं, ३५ चे चार नारळ घेतले तर किती?’ इथे बरोबर उत्तर आलं, तर उणीव आकडेमोडीत नाही, लिहिण्याच्या रीतीत आहे, आणि उपाय वेगळा आहे. प्रश्नाचं रूप हीसुद्धा नोंद ठेवायची माहिती मानली, तर यंत्र खऱ्या अर्थाने मुलाशी जुळवून घेईल.

सगळं शिक्षण बाजारातच अडकवून ठेवावं, असा मात्र याचा अर्थ नाही. २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात उलटी बाजू दिसली. केवळ ठोस उदाहरणांतून गणिती नियम शिकलेल्यांना तो नव्या जागी लावणं अमूर्त चिन्हांतून शिकलेल्यांपेक्षा जड गेलं. जुड्या मोजणाऱ्या मुलीला उद्या व्याजाचा दर आणि औषधाचा डोसही काढायचा आहे. म्हणून सुरुवात ओळखीच्या जागेतून आणि शेवट कुठेही चालेल अशा नियमात व्हायला हवा. मधल्या पायऱ्या कोणीतरी हाताला धरून चढवाव्या लागतात.

त्याला महागडी साधनं लागत नाहीत. मुलाचं गणित चुकलं, तर लाल फुली मारण्याआधी एवढंच विचारावं, ‘हे कसं काढलंस?’ मग तेच गणित पैशांत, किलोत किंवा बसच्या तिकिटांत घालून पाहावं आणि त्याने तोंडी केलेला हिशेब त्याच्याच शब्दांत वहीत लिहायला लावावा. ‘तीनचे १०५’ असं त्याने लिहिलं, की शेजारी ३५ × ३ = १०५ मांडता येतं. शेरा त्यानंतर लिहावा.