दुसऱ्या ऑपरेशननंतरचा सोबती

अर्जुनी मोरगाव तालुक्यात रोवणीचे दिवस आले, की बांधीतल्या चिखलातून दुपारी वर आलेल्या माणसांपुढे चहाइतक्याच सहजपणे खर्रा येतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला. लग्नात तो असतो, मयतीला असतो, झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर जागणाऱ्यांच्या हातात तर असतोच. नाही म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून घरी परतलेल्या माणसाला मात्र कारण द्यावं लागत नाही, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. त्याला खर्रा कोणी देत नाही. हळूहळू त्याच्याजवळ फारसं कोणी बसतही नाही.

हा लेख अशा माणसांपैकी ज्यांच्यावर दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं, त्यांच्याविषयी आहे.

पहिल्या वेळी घर, नातलग, गाव सगळे धावून येतात. पैसा उभा राहतो, कोणीतरी नागपूरला सोबत जातं. आजार उलटला की हीच माणसं थकलेली असतात, आणि त्यांच्या मनात, कधी तोंडावरही, एक प्रश्न असतो : ‘पुन्हा खायला लागला होता का?’ काही जण खरोखर पुन्हा खायला लागलेले असतात. पण ज्यांनी पहिल्या ऑपरेशननंतर खर्ऱ्याला हात लावला नाही, त्यांचाही कॅन्सर परत येतो, हे घरच्यांना कोणी नीट सांगितलेलं नसतं.

तो का परत येतो, याची कारणं दोन. एक म्हणजे, गाठ पूर्ण काढली तरी डोळ्यांना आणि सूक्ष्मदर्शकालाही न सापडलेल्या काही पेशी मागे राहू शकतात, बहुतेकदा जबड्याच्या आसपास किंवा मानेतल्या लसिका ग्रंथींमध्ये. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने यावर जगभरातली पद्धत ठरवून दिली. मानेत गाठ हाताला लागत नसलेल्या सुरुवातीच्या रुग्णांमध्येही पहिल्याच ऑपरेशनच्या वेळी मानेतल्या ग्रंथी काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलं, तर ६७.५ टक्के. दुसरं कारण जास्त चिवट आहे. वर्षानुवर्षं सुपारी-तंबाखूत भिजलेलं तोंडाचं सगळं अस्तर बदललेलं असतं. अमेरिकेतल्या स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्येच ही गोष्ट मांडली होती. शेतात एका जागचं तण उपटलं म्हणून बाकीच्या शेतातलं बी मरत नाही, तसंच हे. म्हणून दुसरा कॅन्सर कधी पहिल्याच जागी, कधी समोरच्या गालात निघतो. खर्रा सोडल्याने हा धोका कमी होतो, शून्य होत नाही. सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर घडवते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलं आहे. तेव्हा ‘तंबाखू बंद, नुसती सुपारी’ ही तडजोड कामाची नाही.

दुसरं ऑपरेशन पहिल्यासारखं नसतं. मधल्या काळात बहुतेकांना रेडिएशन मिळालेलं असतं आणि त्या भागातली कातडी, स्नायू चामड्यासारखे ताठर झालेले असतात. जखम भरायला वेळ लागतो, कधी टाक्यांमधून लाळ बाहेर झिरपत राहते. जबड्याचा तुकडा काढला असेल तर छातीवरची कातडी आणि स्नायू, किंवा पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड आणून तिथे बसवतात. शस्त्रक्रिया आठ-दहा तास चालू शकते. मग नाकातली नळी, काही दिवस गळ्याला श्वासाचं छिद्र. हे सगळं हॉस्पिटल करतं, आणि आपल्याकडे चांगलं करतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे यातला मोठा खर्चही सरकार उचलतं. मग डिस्चार्ज कार्ड मिळतं आणि माणूस घरी येतो.

इथून पुढचं मात्र कार्डावर नसतं.

छातीची कातडी गालाच्या आत लावली की पुरुषांच्या तोंडात तिथे केस उगवू शकतात. हे आधी कोणी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरतो. कॅन्सरच परत आला, असं त्याला वाटतं. खालचा ओठ बधिर असल्याने लाळ कधी ओघळली ते कळत नाही. मानेतल्या ग्रंथी काढताना खांद्याकडे जाणारी नस दुखावली गेली असेल तर हात डोक्याच्या वर जात नाही. शहरात कार्यालयात बसणाऱ्याला ही अडचण वाटेल. मोळी उचलणाऱ्याचा, धानाचा भारा खांद्यावर घेणाऱ्याचा रोजगारच ती नेते. तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जावीत, हे साधारण माप. इथे एक जाताना मारामार. बोलणं घरच्यांना कळतं, परक्याला कळत नाही, आणि फोनवर तर कोणालाच नाही.

डॉक्टर हे सगळं जाणतात. पण बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटांत ते सांगता येत नाही, आणि सांगितलं तरी ते सांगणारा स्वतः दोन्ही गालांनी जेवणारा माणूस असतो. त्याच ऑपरेशनमधून वर्ष-दोन वर्षांपूर्वी गेलेला माणूस समोर बसला, की चित्र पालटतं. तो पेज कशी गाळायची ते सांगतो. पातळ पेज नळीतून सरकते पण तिच्यात ताकद कमी, म्हणून वरणाचं घट्ट पाणी, दूध, पूर्ण शिजवून बारीक वाटलेलं अंडं त्यात कसं मिसळायचं, हेही सांगतो. नळीतून अन्न गेल्यावर पाणी सोडून ती धुवायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, आठवड्याला एक वाढवता आली तरी पुष्कळ. खांद्यावरचा दुपट्टा लाळ टिपायला असला तरी तो दुपट्टाच दिसतो, रुमाल हातात धरला की लोक बघतात. अशी युक्ती कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडायची?

या सगळ्याहून मोठं काम तो न बोलता करतो. तो समोर बसलेला असतो, जेवतो, चहा पितो, चालत आलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, कॅन्सरमधून बरे झालेले लोक आपण पाहिलेत की. शरद पवारांवर २००४ च्या निवडणुकीच्या धामधुमीत तोंडाच्या कॅन्सरचे उपचार झाले आणि त्यानंतरही ते दोन दशकं राजकारणात वावरत राहिले. तंबाखूच्या सवयीबद्दल ते जाहीरपणे बोललेही आहेत. उलट बाजूला आर. आर. पाटील. शेजारच्या गडचिरोलीचे ते पालकमंत्री होते, याच भागात फिरले, आणि १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कॅन्सरनेच गेले. दोन्ही उदाहरणं लोकांना माहीत आहेत. पण मोरगावच्या आसपासचा छोटा शेतकरी पवारांकडे बघून ‘मलाही जमेल’ असं म्हणत नाही. ‘त्यांचं वेगळं आहे’ असं म्हणतो. दोन गावं सोडून राहणाऱ्या, त्याच रेशनचा तांदूळ शिजवणाऱ्या माणसाबद्दल त्याला असं म्हणता येत नाही.

मला इथे एक तक्रार नोंदवावीशी वाटते. तोंडाच्या कॅन्सरमधून गेलेल्या माणसांचा आपण आजवर वापर केला तो मुख्यतः इशारा म्हणून. सिनेमाआधी दिसणारा मुकेश सगळ्यांच्या लक्षात आहे. एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापलेला असतो. टाटा मेमोरियलचे डॉ. पंकज चतुर्वेदी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘व्हॉइस ऑफ टोबॅको व्हिक्टिम्स’ या मोहिमेत रुग्णांनी स्वतः पुढे येऊन लोकप्रतिनिधींना साकडं घातलं, आणि गुटखाबंदीसारख्या निर्णयांमागे त्या आवाजांचं बळ होतं. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली. हे काम मोलाचं आहे, ते थांबू नये. (खर्ऱ्याच्या पन्नीवर कुठलंच चित्र नसतं, ही गोष्ट वेगळी.) पण याची दुसरी बाजू अशी, की ऑपरेशन झालेला माणूस आरशात बघतो तेव्हा त्याला पाकिटावरचं चित्र दिसतं. आपला चेहरा म्हणजे दुसऱ्यांना घाबरवायची वस्तू, असं त्याच्या मनात बसतं. तोच चेहरा दुसऱ्या एका रुग्णाला धीर देऊ शकतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. सोबत्याच्या कामाचा फायदा घेणाऱ्याइतकाच देणाऱ्यालाही होतो तो यामुळे.

ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कजवळच्या नॅन्सी ल्यूपोल्ड या बाईंना तोंडाचा कॅन्सर झाला आणि बोलायला दुसरा रुग्ण मिळेना, म्हणून त्यांनी १९९१ मध्ये अशा रुग्णांची संघटना काढली. मुंबईत वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या ‘व्ही केअर’ची माणसं टाटामध्ये रुग्णांना भेटतात, आणि त्यांतले अनेक स्वतः या आजारातून गेलेले आहेत. अडचण आहे ती मुंबई-नागपूरपासून पुढची. राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय असो की वैद्यकीय महाविद्यालय, उपचार नागपुरात. आणि पेज गिळायची ती घरी, एकट्याने.

सोबत्यामुळे आयुष्य वाढतं का? हा प्रश्न सरळ विचारलेला बरा, कारण या विषयात गोड बोलणारे पुष्कळ. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगेल यांनी पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गटात एकत्र बसणाऱ्या स्त्रिया सरासरी जवळजवळ दुप्पट काळ जगल्याचं त्यात दिसलं आणि जगभर खळबळ उडाली. २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा आयुष्यात फरक आढळला नाही. पुढे स्पीगेल यांच्या स्वतःच्या दुसऱ्या अभ्यासातही तो आढळला नाही. मात्र कॅनडाच्या अभ्यासात गटातल्या स्त्रियांचं मनाचं ओझं आणि वेदना कमी झालेल्या होत्या. या गटांत प्रशिक्षित मानसोपचार करणारी माणसं होती, आणि आजार वेगळा होता. तरी एवढं घेता येईल, की सोबतीने कॅन्सर हटत नाही, सोसणं हलकं होतं. चेहरा, बोलणं आणि जेवण एकदमच हिरावून घेणाऱ्या या आजारात नैराश्य इतर कॅन्सरपेक्षा जास्त असतं, आत्महत्येचा धोकाही. तिथे हे हलकं होणं लहान नाही.

चांगला सोबती कसा नसावा, हे सांगणं सोपं आहे. ‘अमुक वैद्याकडे चल, मला मुळीने गुण आला’ म्हणणारा नको. ‘माझं तर दुसऱ्या महिन्यात नीट झालं’ म्हणून मोजमाप लावणाराही नको. प्रत्येकाचा जबडा वेगळा कापलेला असतो. खर्रा का खाल्लास, हे विचारणारा तर नकोच, ते विचारायला सगळं गाव आहे. ऑपरेशनला किमान वर्ष झालेलं असावं, तपासण्या नियमित असाव्यात, आणि कुठे थांबून ‘डॉक्टरांना विचार’ म्हणायचं ते त्याला कळावं. काही गोष्टी त्याने ठामपणे सांगायच्या : रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात दुखला तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो काढायचा नाही, हाड सडू शकतं. मानेवर रेडिएशन झालं असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत नवी गाठ, कानात कळ, आधी उघडणारं तोंड पुन्हा मिटत जाणं यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. आजार परतण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक.

तालुक्याच्या ठिकाणी हे उभं करायला इमारत लागत नाही. तीस वर्षांवरील माणसांच्या आजारांची प्राथमिक यादी आशाताई गावोगाव करतातच. कोणत्या घरात ऑपरेशन झालेला रुग्ण आहे ते त्यांना कोणत्याही नोंदवहीपेक्षा चांगलं ठाऊक असतं. ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक दिवस, एक खोली, दोन सतरंज्या आणि एक दंतवैद्यक अधिकारी पुरे. रुग्णाची संमती घेऊनच नाव द्यायचं, बायकांना बाईच सोबती द्यायची. या भागात खर्रा खाणाऱ्या बायका कमी नाहीत, आणि चेहरा झाकून घरात बसणं त्यांच्याच वाट्याला जास्त येतं. शेजारच्या गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था, सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून २०१६ पासून चालवलेल्या ‘मुक्तिपथ’ने गावपातळीवर दारू-तंबाखूविरोधी संघटन उभं करून दाखवलं आहे. तेव्हा माणसं जमत नाहीत, ही सबब झाडीत चालायची नाही.

अशा गटात एक गोष्ट घडतेच, आणि तिची तयारी ठेवायला हवी. आजार उलटलेल्या रुग्णांचा गट म्हटलं की त्यातलं कोणीतरी जातं. मागे राहिलेले त्या दिवशी आपली गाठ चाचपत बसतात. त्या आठवड्यात बैठक रद्द करण्याचा मोह होतो. ती आवर्जून घ्यावी, गेलेल्याबद्दल बोलावं, आणि ज्याला झोप लागत नाही त्याला सरकारच्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत नंबर लावून द्यावा, तिथे मराठीत बोलता येतं. खर्ऱ्याची तलफ आलेल्यासाठी १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

राहता राहिली तपासणीची वारी. रोजगार बुडतो, सोबतीला येणाऱ्याचाही बुडतो, म्हणून ती चुकते. रेल्वेच्या स्लीपर डब्यात उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला तिकीट माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र तेवढं लागतं. दोघे रुग्ण एकाच तारखेची वेळ मागून घेऊन निघाले तर दोघांचंही तिकीट माफ. अर्जुनीहून गोंदियाला यायचं, टाटाला जायचं असेल तर तिथूनच सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस धरायची. डब्यात पेजेचा थर्मास दोघांत एक पुरतो.