खिशातला कामगंध सापळा

हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी आपण कामगंध सापळे लावतो. आतल्या गोळीला मादी पतंगाचा वास असतो. त्या ओढीने नर येतो आणि पिशवीत अडकतो. मादी तेथे नसतेच. खिशातला मोबाईल माणसाला असाच कसा ओढतो, हे दाखविणारा एक इंग्रजी माहितीपट आहे, ‘द सोशल डायलेमा’. जेफ ऑर्लोवस्की यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०२० साली नेटफ्लिक्सवर आला. तामलवाडीसारख्या गावातही आता मोबाईल नसलेले घर विरळाच, म्हणून त्याची ही ओळख.

त्यात बोलणाऱ्यांपैकी पुष्कळजण या धंद्यातलेच जुने कारागीर आहेत. गूगलमध्ये काम केलेले ट्रिस्टन हॅरिस, फेसबुकचे ‘लाइक’चे बटण तयार करणाऱ्यांपैकी जस्टिन रोझेनस्टाईन. फेसबुक फुकट मिळते, मग कंपनीचे पोट कशावर भरते? जाहिरातींवर. आपली नजर जितका वेळ पडद्यावर, तितक्या जाहिराती अधिक. म्हणून आपण काय पाहतो, कोठे थांबतो याची नोंद ठेवून यंत्र पुढचे आमिष लावते. मधूनमधून एका कुटुंबाची कथाही गुंफली आहे. जेवताना मोबाईल नकोत म्हणून आई ते ठराविक वेळ न उघडणाऱ्या बरणीत ठेवते, आणि धाकटी लेक ती बरणीच फोडते. आयाबहिणींनी एवढा भाग तरी पाहावाच.

एका बाबतीत मात्र चित्रपट अपुरा वाटतो. तो बहुतेक दोष यंत्राच्या माथी मारतो. आपल्या खेड्यांत व्हॉट्सॲपचे गट जास्त चालतात, आणि गटातला निरोप निवडून पुढे सारणारे यंत्र तेथे नसते. ते काम आपलेच बोट करते.

राईनपाड्याची हकिकत आठवा. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले हे गाव. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावाने पाचजणांना धरले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षुकीवर पोट भरणारे. त्यांतले बहुतेक सोलापूरपलीकडच्या मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे आपल्या शेजारचेच. पोटासाठी इतक्या दूर गेलेले.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलून नेताना दिसत. ती मुळात कराचीत, पालकांना सावध करण्यासाठी बनविलेली होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात व फलक दाखवितात. तेवढाच भाग कोणीतरी कापून टाकला होता. पाहणाऱ्याला वाटे, घटना खरी आणि आपल्याच भागातली.

राईनपाड्यानंतर त्याच जुलैत कंपनीने पुढे धाडलेल्या निरोपावर खूण दाखविण्यास सुरुवात केली, आणि भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पाठविता येईल असे ठरविले. अनेक हातांतून आलेल्या निरोपावर दोन बाणांची खूण असते व एप्रिल २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. ही खूण घरातल्या वडीलधाऱ्यांना मुद्दाम दाखवावी. पुष्कळांच्या ती नजरेसच येत नाही.

फवारणीच्या नुस्ख्यांवरही ती असते. त्यांत औषधाचे नाव ठळक असते. पंधरा लिटर पंपाला किती आणि पीक कोणत्या अवस्थेत, हे बहुधा गाळलेले असते. असा निरोप आला तर फवारणीआधी कृषी कार्यालयात आणून दाखवा. मोबाईलच घेऊन या, लिहून आणण्याची गरज नाही.