शिष्यत्व आणि नवी मंडळी

शिष्य हा शब्द महाराष्ट्राला परका नाहीं. गुरूच्या सन्निध राहावें, त्याची सेवा करावी, त्याच्या मुखांतून विद्या घ्यावी आणि योग्य काळीं ती दुसऱ्यास द्यावी, ही परंपरा येथील लहानथोरांस ठाऊक आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथांत येशूच्या अनुयायांस लावलेला मूळ ग्रीक शब्दही याच जातीचा आहे. ‘शिकणारा’ एवढाच त्याचा साधा अर्थ. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशू आपल्या अनुयायांवर एक काम सोंपवितो. सर्व राष्ट्रांतील लोकांस शिष्य करावें, त्यांस बाप्तिस्मा द्यावा आणि आपण जें शिकविलें तें त्यांस पाळावयास शिकवावें, असें त्या कामाचें स्वरूप आहे. त्या आज्ञेंत देवळें बांधण्याचा अथवा निधि जमविण्याचा उल्लेख नाहीं. शिकणें, आचरणें व शिकविणें एवढेंच तीत आहे.

परंतु शिकणारे एकत्र आले म्हणजे त्यांची मंडळी होते, आणि मंडळी झाली म्हणजे तिला जागा लागते, पैसा लागतो, नियम व अधिकारी लागतात. मग असा प्रश्न उभा राहतो कीं, ज्यानें मंडळी उभारली तो निघून गेला असतां ती उभी राहील काय? ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचा इतिहास या एका प्रश्नाभोंवतीं फिरत आला आहे, आणि त्याचे दाखले जितके प्राचीन ग्रंथांत तितकेच आपल्या नगर-साताऱ्याकडेही सांपडतात.

प्रथम प्राचीन दाखला घेऊं. पहिल्या शतकांत यरुशलेम येथें स्तेफनाचा वध झाला व तेथील शिष्यांचा छळ सुरू झाला. तेव्हां ते चोहोंकडे पांगले. कांहीं फेनिके व कुप्र येथें, तर कांहीं सिरियांतील अंत्युखिया या मोठ्या नगरीपर्यंत गेले. आरंभीं ते यहूदी लोकांशींच बोलत. पुढें कुप्र व कुरेने येथील कांहीं जणांनीं अंत्युखियांत ग्रीक लोकांसही सुवार्ता सांगितली आणि तेथें नवी मंडळी जमली. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या ग्रंथांत ही हकीकत दिली आहे. पण ज्यांनीं हें केलें त्यांचीं नांवें त्यांत नाहींत. त्यांस कोणी नेमून पाठविलें नव्हतें. घरदार सुटलेलीं तीं साधीं माणसें होतीं.

यरुशलेमकरांनीं चौकशीसाठीं बर्णबास धाडलें. त्यानें तें काम पाहून आनंद मानला. मात्र एकट्यानें तें ताब्यांत घेतलें नाहीं. तो तार्स येथें गेला, शौल—जो पुढें पौल या नांवानें प्रसिद्ध झाला—यास शोधून घेऊन आला, आणि दोघांनीं पुरें एक वर्ष तेथील लोकांस शिकविण्यांत घालविलें. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हें नांव प्रथम याच नगरींत पडलें. यापुढील दोन गोष्टी विशेष ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. यहूदा प्रांतांत दुष्काळ पडेल असें कळतांच या नव्या मंडळीनें ज्यानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें मदत गोळा करून जुन्या मंडळीकडे पोहोंचविली. त्यानंतर तिनें आपले हे दोन उत्तम शिक्षक स्वतःजवळ न ठेवतां दुसऱ्या देशांकडे रवाना केले. घेणारी मंडळी अल्पावधींत देणारी झाली.

पौलाची पुढील कार्यपद्धति याच धोरणाची आहे. मासेदोनियांतील फिलिप्पै हें रोमी लोकांच्या वसाहतीचें नगर. तेथें शब्बाथ दिवशीं नदीकांठीं प्रार्थनेसाठीं जमलेल्या स्त्रियांशीं तो बोलला. त्यांत जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी, थुवतीरा गांवची लुदिया नांवाची बाई होती. तिनें व तिच्या घरच्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि तिचें घर हेंच मंडळीचें पहिलें स्थान झालें. त्याच नगरांत पौल कैदेंत पडला असतां तुरुंगाचा अधिकारीही सहकुटुंब शिष्य झाला. व्यापारी बाई आणि तुरुंगाचा रखवालदार अशीं अगदीं निरनिराळ्या थरांतील माणसें एका पंक्तीस आलीं. पौल तेथें फार दिवस राहिला नाहीं. पुढें बंदिवासांत असतां त्यानें त्या मंडळीस जें पत्र लिहिलें, त्याच्या आरंभींच तिच्या अध्यक्षांचा व सेवकांचा निर्देश आहे, आणि अखेरीस तिनें पाठविलेल्या मदतीबद्दल आभार आहेत. म्हणजे संस्थापकाच्या पश्चात् तिनें स्वतःचा कारभार उभारला होता, इतकेंच नव्हे, तर संस्थापकाचा भारही ती उचलीत होती.

करिंथ येथें पौल अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्याकडे उतरला. तीं तंबू करणारीं होतीं आणि पौलाचाही धंदा तोच. दीड वर्षाच्या मुक्कामांत त्यानें आपला भार करिंथकरांवर टाकला नाहीं. या दांपत्याची पुढची हकीकत मोठी बोधप्रद आहे. इफिस येथें अपुल्लो नांवाचा वक्ता व शास्त्रांत निपुण असा पुरुष आला. त्याचें ज्ञान अपुरें आहे असें पाहून या दोन कारागिरांनीं त्यास जवळ घेतलें आणि मार्ग अधिक नीट समजावून दिला. शिकणारा शिकविणारा कसा होतो याचें याहून स्पष्ट उदाहरण मिळणें कठीण. याच करिंथांत मात्र पुढें तट पडले. कोणी स्वतःस पौलाचे म्हणवूं लागले, कोणी अपुल्लोचे. पौलानें दुसऱ्यांच्या तटाबरोबर स्वतःच्या नांवाचा तटही निषिद्ध ठरविला. शिष्यत्व माणसाशीं बांधलें गेलें कीं मंडळी फुटते, हें त्यानें ओळखलें होतें.

उत्तर चीनमध्यें काम केलेले इंग्रज मिशनरी रोलंड ॲलन यांनीं १९१२ सालीं या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पौलानें दहा-बारा वर्षांच्या अवधींत गलतिया, मासेदोनिया, अखया व आशिया या चार प्रांतांत मंडळ्या स्थापून त्यांचा कारभार त्यांच्याच हातीं दिला. मग अर्वाचीन मिशनें पिढ्यान् पिढ्या एकाच ठिकाणीं राहूनही नव्या मंडळ्या परावलंबी कां राहतात, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. ही शंका त्यांच्यापूर्वींही कित्येकांस आली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडांत हेन्री व्हेन व अमेरिकेंत रूफस अँडरसन यांनीं मंडळीनें आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण सोसावा व आपला प्रसार आपण करावा, असें तत्त्व मांडलें होतें. हे अँडरसन १८५४-५५ सालीं हिंदुस्थानांत येऊन गेले, आणि त्यांच्या भेटीनंतर अमेरिकन मराठी मिशनच्या कामांत खेड्यांतील मंडळ्या व देशी पाळक यांवर अधिक भर पडला.

या मिशनचे पहिले उपदेशक १८१३ सालीं मुंबईस आले, व १८३१ सालीं त्यांनीं अहमदनगर येथें ठाणें घातलें. याच नगराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. ‘ज्ञानोदय’ पत्र १८४२ सालीं येथूनच निघूं लागलें. शहरांत कांहीं ब्राह्मणांनीं हा धर्म स्वीकारला. खेड्यापाड्यांत मात्र मुख्यत्वेंकरून महार व मांग समाजांतील कुटुंबें मंडळींत आलीं. आठवडाभर मुलांस धुळाक्षरें शिकविणारा पंतोजी रविवारीं त्याच खोलींत शास्त्र वाची व प्रार्थना चालवी. बहुतेक ठिकाणीं शाळा हीच मंडळी आणि मंडळी हीच शाळा होती.

या लोकांना शिष्यत्वाची किंमत रोख मोजावी लागे. महार कुटुंबाचे वतनाचे हक्क व गांवाशीं असलेलें देणेंघेणें धोक्यांत येई. ब्राह्मण कुटुंबांत आप्तांचीं दारें बंद होत. उलट बाजूस, मिशनची शाळा, नोकरी व दुष्काळांतील मदत हीं आधार देत, आणि त्यांतच मोठा पेंच होता. १८७६-७८ व १८९९-१९०० या दुष्काळांच्या सुमारास पुष्कळ लोक मंडळींत आले, तेव्हां हे भाकरीसाठीं आले कीं श्रद्धेनें, अशी शंका बाहेरचे लोक घेत आणि आंतलेही घेत. उपाशी मनुष्यास अन्न देणें हा धर्मच होय; त्यांत दोष काढतां येणार नाहीं. पण देणारा कायम देणारा व घेणारा कायम घेणारा राहिला, तर शिष्य वाढत नाहीं, आश्रित मात्र वाढतात. शिवाय उपदेशक पगारी असला म्हणजे त्याचें बोलणें पगारासाठीं आहे असें ऐकणाऱ्यास वाटूं लागतें, आणि उपदेश करणें हें पगारदाराचें काम, आपलें नव्हे, असें मंडळीसही वाटूं लागतें.

या पेंचांतून वाट काढण्याचा एक यत्न कीर्तनाच्या रूपानें झाला. नगरच्या ख्रिस्ती मंडळीनें एकोणिसाव्या शतकांतच कीर्तन आपलेंसें केलें, आणि कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनीं पद्यें व कीर्तनें यांच्या द्वारें तें लोकप्रिय केलें. जी सुवार्ता परदेशी वळणाच्या व्याख्यानांत कोरडी वाटे, ती टाळमृदंगाच्या साथीनें खेड्यांतील मनुष्यास आपलीच वाटूं लागली.

दुसरा व अधिक धाडसाचा यत्न नारायण वामन टिळक यांनीं केला. हे कोंकणांत जन्मलेले ब्राह्मण कवि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग गेल्या नाहींत. कांहीं काळ पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढें एकत्र राहूनही बाईंनीं आपलें सोंवळें कित्येक दिवस सोडलें नाहीं. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, याचा निवाडा त्यांनीं स्वतःच्या मनाशीं केला, आणि मगच १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. पतीची आज्ञा म्हणून त्या पांच वर्षें आधींच आल्या असत्या, तर ‘स्मृतिचित्रें’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई महाराष्ट्रास लाभल्या असत्या कीं नाहीं, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. शिष्यत्व दुसऱ्याच्या वतीनें घेतां येत नाहीं, हेंच त्यांच्या चरित्रावरून दिसतें.

टिळकांनीं कित्येक वर्षें मिशनमध्यें राहून काम केलें. शेवटीं १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी व वेतन सोडलें, संन्यस्त वृत्ति पत्करली आणि सातारा येथें ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताचे बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले शिष्य यांचा हा बंधुसंघ होता. ख्रिस्ताकडे ओढल्या जाणाऱ्या हिंदूला आपला समाज व आपली भाषा यांकडे पाठ न फिरवितां शिष्य होतां यावें, हा त्यांचा हेतु. यावर आक्षेप निघणें साहजिक होतें. बाप्तिस्म्याचा विधि मागें पडला, तर मंडळीची सीमा कोणती आणि एकमेकांचा भार उचलण्याचें बंधन कोणावर, हा आक्षेप पोकळ नव्हता. परंतु दरबाराच्या मुळाशीं असलेली तळमळही खरी होती. शिष्य आधीं, संस्था मागाहून, हा क्रम त्यांना पुन्हा लावावयाचा होता.

या प्रयोगास काळ फार थोडा मिळाला. ९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या देहास अग्निसंस्कार करण्यांत आला. दरबार त्यांच्यामागें फार दिवस टिकला नाहीं. त्यांच्या व्यक्तित्वावर तो उभा होता आणि तें जातांच त्याचा आधार गेला. उलट त्यांचीं भक्तिगीतें टिकलीं. तीं कोणत्याही संघाच्या मालकीचीं नव्हतीं. खेड्यांतील बायामाणसांनीं तीं पाठ केलीं, उपासनेंत गाइलीं, मुलांस शिकविलीं; आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेंत तीं गाइलीं जातात. त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. ज्या बाईंनीं विवाहानंतर पतीजवळ अक्षरें गिरवलीं, त्यांनींच पतीचें काव्य पुरें करावयास घेतलें. अपुल्लोस शिकविणाऱ्या त्या तंबूकारांच्या पंक्तींत त्यांस बसवावयास हरकत नाहीं.

नगर भागांतील मंडळ्यांचें पुढें काय झालें, तेंही पाहण्याजोगें आहे. १९७० सालीं नागपूर येथें निरनिराळे पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली, व या मिशनच्या परंपरेंतील मंडळ्या तींत आल्या. त्यांचा कारभार आज येथीलच लोकांच्या हातीं आहे. परदेशी मिशनऱ्यांचा काळ संपला, पण प्रार्थना थांबली नाहीं. खेड्यांतील त्या पंतोजींनीं शिकविलेलीं अक्षरें पुढच्या पिढीनें चालविलीं, म्हणूनच हें घडलें.

एखाद्या गांवीं आज नवी मंडळी जमत असेल, तर तिचें माप कशानें घ्यावें, याचें उत्तर या सर्व दाखल्यांत एकच आहे. पहिल्या रविवारीं किती माणसें जमलीं, हें मोजणें सोपें असतें. पण दहा वर्षांनीं तेथें उपदेश कोण करतो, दिव्याच्या तेलाचा खर्च कोण सोसतो, पंक्तीस शेजारीं कोण बसतो, आणि दुसऱ्या गांवीं दुष्काळ पडला असतां तेथून कांहीं जातें कीं नाहीं, हें पाहावें. ज्या मंडळींत कालचा ऐकणारा आज सांगणारा झाला आहे, तेथें संस्थापकाचें नांव विसरलें गेलें तरी चिंता नाहीं. अंत्युखियांत पहिल्यानें कोण बोलले, त्यांचीं नांवें कोणासच ठाऊक नाहींत. त्यांनीं आरंभिलेलें काम मात्र पुढें चाललें.