कीर्तनाची बैठक आणि जाजमाची शुद्धी

कार्तिकी एकादशी जवळ आली, की आमच्या पंढरीतील वाड्यांची माळवदे आणि मठांची अंगणे रंगीबेरंगी दिसू लागतात. आषाढीच्या चिखलाने माखलेल्या, पावसाळाभर कोपऱ्यात पडून राहिलेल्या सतरंज्या, जाजमे आणि घोंगड्या या दिवसांत उन्हाला येतात. यात्रेच्या तयारीचे हे अंग कोणाच्या वर्णनात येत नाही. तथापि गेली चाळीस वर्षे ज्यांच्या कृपेने आमची सेवा श्रोत्यांपुढे रुजू झाली, त्या आस्तरणांविषयी चार शब्द लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. नारदीय गादीवर कीर्तनकार उभा असतो. बैठक असते ती श्रोत्यांची. दहा कोस चालून आलेला वृद्ध ज्यावर टेकतो, ते आसन मळलेले, कुबट असेल, तर आमचा पूर्वरंग कितीही शास्त्रशुद्ध असो, आतिथ्य तेथेच उणे पडले.

हे ज्ञान आम्हांस ग्रंथांतून नव्हे, एका अपराधातून झाले. एका गावच्या सप्ताहात काल्याच्या आदल्या रात्री पावसाची भुरभुर आली. देवळापुढील जाजम नवे होते. गावातील एका विधवा माउलीने शेतमजुरीतून पैसा पैसा साठवून ते देवाला वाहिलेले. मंडळींनी विचारले, “बुवा, हे आत्ता दोरीवर टाकायचे का?” आम्ही दमलो होतो. “गुंडाळून खोलीत ठेवा, उद्या पाहू,” असे बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी काल्याच्या धांदलीत ते कोणाच्याच ध्यानी राहिले नाही. पंधरवड्याने खोली उघडली, तेव्हा जाजमावर काळ्या बुरशीचे ठिपके पडले होते आणि घडीच्या जागी सूत बोटाने तुटत होते. माउली काही बोलली नाही. फाटलेल्या जागेवरून तिने नुसता हात फिरवला. त्या सप्ताहात आमच्या निरूपणाचा विषय ‘शौच’ हाच होता, हे सांगताना आजही मान खाली जाते.

शास्त्रकारांनी हा विषय क्षुद्र मानलेला नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आहे. रेशीम व लोकर यांस क्षारयुक्त माती, ‘कुतप’ नावाच्या कांबळ्यांस रिठे, क्षौम वस्त्रांस पांढरी मोहरी, असा प्रत्येक वस्त्राचा जातिधर्म पाहून उपाय सांगितला आहे. वस्त्रे पुष्कळ असतील तर प्रोक्षण पुरे, थोडी असतील तर पाण्याने धुवावी, असेही वचन तेथे आहे. या प्रोक्षणाचा आधार आळसासाठी घेणारे आम्ही पाहिले आहेत. पण स्पर्शदोषासाठी सांगितलेला विधी चिखलाला लागू पडत नाही. तेथे हातच चालवावे लागतात.

आता व्यवहार पाहू. चंद्रभागेच्या वाळवंटात अंथरलेल्या जाजमाचा पहिला शत्रू म्हणजे वाळू. तिचा कण सुतात शिरला, की बसणाऱ्याच्या भाराखाली कानशीसारखा धागा कापतो. म्हणून पाणी लावण्यापूर्वी जाजम दोरीवर उलटे टाकून काठीने झोडपावे. बुक्का-गुलालही आधी कोरडाच झटकावा. ओला हात लागला, की रंग सुतात भिनलाच. समईचे तेल सांडल्यास त्यावर कोरडे बेसन पसरून काही वेळाने झाडावे. हळदीचा डाग साबणाने लाल होतो म्हणून घाबरू नये; स्वच्छ पाण्याने धुऊन उन्हात धरल्यास तो फिका पडत जातो.

सुती सतरंजी धुण्यापूर्वी एका कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून रंग सुटतो का, ते पाहावे. रंग सुटत असेल, तर भिजत घालू नये. पक्क्या रंगाची सतरंजी थंड पाण्यात सौम्य साबणाने धुऊन भरपूर खळबळावी. साबण आत राहिला, तर तोच पुढे धूळ धरतो. वाळत घालताना उलटी बाजू वर ठेवावी आणि दोन्ही बाजू पूर्ण सुकेपर्यंत उचलू नये.

घोंगडीचा धर्म वेगळा. नवी घोंगडी ताठ असते ती चिंचोक्याच्या खळीमुळे. ती वारंवार न धुता झटकून ऊन देणे बरे. धुण्याची वेळ आलीच, तर रात्री भिजवलेल्या रिठ्यांचे गाळलेले पाणी वापरावे. उकळत्या पाण्याने लोकर आटते, डाग घालवण्याच्या क्लोरीनयुक्त द्रावणाने ती विरघळते आणि पिळल्याने आकार सोडते. ठेवताना कडुनिंबाचा पाला घालण्याची रीत आहे. परंतु कसरीवर खरा उपाय म्हणजे दर महिन्यास उलगडून उन्हात झटकणे.

अलीकडे प्लॅस्टिकच्या चटया पुष्कळ ठिकाणी आल्या आहेत. त्या पाणी पीत नाहीत, लवकर धुतल्या जातात, हा गुण खरा. पण सतत उन्हात राहिल्या, तर त्यांचे धागे ठिसूळ होतात, आणि निरांजन कलंडले, की वितळतात. खाली अडकलेली ओलही काढावी लागतेच.

सर्वांस समान नियम एकच: ओले गुंडाळू नये, सुकल्यावर घडीऐवजी वळकटी करावी, आणि ती भुईवर न ठेवता फळीवर ठेवावी, म्हणजे ओल व वाळवी दोन्ही दूर राहतात.

त्या प्रसंगानंतर आरती झाली, की आम्ही स्वतः बैठकीचे एक टोक धरतो. श्रोतेजनांसही विनंती एवढीच, की या कार्तिकीस उठताना दुसरे टोक कोणीतरी धरावे. ज्याने ते वाहिले त्याचे कष्ट आणि उद्या जो त्यावर बसणार त्याचा विसावा, दोन्ही त्या घडीला आपल्या हाती असतात. इति शम्.