घरातच उमटवा इंद्रधनुष्य

ऊन-पाऊस एकदम आला की मुले बाल्कनीत धावतात. पण गाझियाबादसारख्या शहरात समोरच्या टॉवरमुळे आकाशाचा तुकडाच दिसतो. मुले हिरमुसतात आणि विचारतात, ‘‘इंद्रधनुष्य आता पुन्हा कधी?’’ त्यांना सांगा, ‘‘रविवारी सकाळी, आपल्याच खोलीत!’’

साहित्य : काचेचा त्रिकोणी लोलक म्हणजेच प्रिझम, जाड काळा पुठ्ठा, पांढरा कागद, चिकटपट्टी आणि लाल जिलेटिन कागद.

कृती

* थेट ऊन येणारी खिडकी निवडा. ऊन तिरपे असताना, म्हणजे सकाळी किंवा संध्याकाळी प्रयोग करा.
* पुठ्ठ्याला 2-3 मिलिमीटर रुंदीची उभी फट पाडून तो खिडकीला चिकटवा. बाकी खिडकी झाकून खोली अंधारी करा.
* फटीतून येणाऱ्या उन्हात लोलक उभा ठेवा आणि हळूहळू फिरवा.
* प्रकाश एका बाजूला वळेल. तिथे साधारण एक मीटरवर पांढरा कागद धरा. त्यावर रंगांचा पट्टा उमटेल.

लोलक नाही? पसरट भांड्यात पाणी घ्या. त्यात आरसा तिरपा ठेवा आणि पाण्यातल्या भागावर ऊन पडू द्या. पाणी स्थिर झाले की भिंतीवर किंवा छतावर रंग शोधा.

हे रंग येतात कुठून?

मुलांना वाटते, रंग काचेत असतात. लगेच ‘नाही’ म्हणू नका. फटीवर लाल जिलेटिन लावायला सांगा. पट्ट्यातला लाल भाग तेवढा उरेल, बाकीचे रंग जवळजवळ नाहीसे होतील. काच तीच आहे, मग रंग कुठे गेले? ते उन्हातच होते, जिलेटिनने अडवले! काचेत शिरताना आणि बाहेर पडताना प्रकाश वळतो. तांबडा सर्वांत कमी वळतो, जांभळा सर्वांत जास्त. म्हणून रंग सुटे होतात. पावसाचे थेंबही हेच काम करतात.

न्यूटनने 1666च्या सुमारास लोलकावर असेच प्रयोग केले. त्याने सुटे झालेले रंग पुन्हा एकत्र आणून पांढरा प्रकाश मिळवला. रंगांची संख्या सात धरताना त्याच्या मनात संगीतातले सात स्वर होते. आपण तेच सात रंग ‘तानापिहिनिपाजा’ म्हणून पाठ करतो. खरे तर पट्ट्यात रंगांच्या सीमारेषा नसतात. मुलांना पाच किंवा सहाच रंग दिसले, तर त्यांना चूक ठरवू नका.

ही काळजी घ्या : लोलकातून किंवा आरशातून सूर्याकडे कधीही पाहू नका, डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. प्रयोग करताना मोठे माणूस जवळ हवेच.

शेवटी जिलेटिन हिरवे लावले तर काय होईल, हे मुलांना आधी ओळखायला सांगा. उत्तर त्यांनाच शोधू द्या.