कल्पनासृष्टींतील प्रजा

आमच्या घरीं दिवेलागण होऊन मुलांचा परवचा आटोपला, कीं तीं सारीं आजीभोंवतीं गोष्टीसाठीं गोळा होतात. मध्यंतरीं एके दिवशीं गोष्ट ऐन रंगांत आली असतां माझी सात वर्षांची पुतणी एकदम म्हणाली, "आजी, काल तूं राक्षसाला सात डोकीं सांगितलीं होतींस. आज सहाच कशीं?" थोरल्या मंडळींत हंशा पिकला. "अग, मुळांत राक्षसच खोटा, मग त्याचीं डोकीं मोजून काय करायचें?" असें माझे वडील बंधु म्हणाले. मुलीचें मात्र समाधान झालें नाहीं. विचारांतीं मला वाटतें, कीं बाजू तिचीच खरी होती. ती कशी, हें एका परदेशी ग्रंथकाराच्या उदाहरणानें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

१९३० च्या सुमारास इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथें अगदीं असाच प्रसंग घडला. तेथील विद्यापीठांत प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक असलेले जे. आर. आर. टोल्किन हे आपल्या मुलांना एक स्वरचित गोष्ट सांगत असत. त्यांचा सर्वांत धाकटा मुलगा ख्रिस्तोफर त्या वेळीं चार-पांच वर्षांचा असेल. नायकाच्या घराचें दार मागच्या खेपेस निळें होतें, तें आज हिरवें कसें झालें, असें त्यानें मध्येंच विचारलें. वडील जरा चिडून पुटपुटले खरे. परंतु लागलीच उठून टेबलाकडे गेले आणि त्यांनीं ती चूक टिपून घेतली. तीच गोष्ट १९३७ सालीं 'द हॉबिट' या नांवानें प्रसिद्ध झाली. तिचें हस्तलिखित प्रकाशकांनीं आपल्या दहा वर्षांच्या मुलाकडून तपासून घेतलें होतें. त्यानें एक शिलिंग मोबदला घेऊन अनुकूल अभिप्राय दिला!

हॉबिट म्हणजे उंचीनें माणसाच्या निम्मे, पायांवर दाट कुरळे केस असल्यामुळें जोडे न घालणारे, टेंकडींत घर कोरून त्याला वाटोळें दार बसविणारे लोक. मिळेल तर दिवसांतून सहा वेळां जेवावें, शेतीभाती संभाळावी, आणि साहसाच्या वाटेला जाऊं नये, असा त्यांचा बाणा. त्यांच्यांत ज्याचा वाढदिवस असेल तोच इतरांना भेटी देतो. वंशावळींचा तर त्यांना विलक्षण नाद. कोण कोणाचा चुलत-आतेभाऊ, हें ते तासन् तास बोलत बसतील. आपल्यापैकीं अनेकांना हे लोक शेजारचेच वाटतील. टोल्किननीं बालपणाचीं चार वर्षें बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यांत काढलीं होतीं. तेथील गिरणी, शेतें आणि साधीं माणसें यांचाच ठसा हॉबिटांच्या मुलखावर उमटला आहे.

परंतु ह्या सृष्टीचा पाया कथेंत नसून भाषेंत आहे. टोल्किन हे भाषाशास्त्रज्ञ. नव्या भाषा रचण्याचा त्यांना लहानपणापासून छंद. भाषा तयार झाली, तर ती बोलणारे लोक हवेत. लोक आले, तर त्यांना इतिहास हवा. अशा क्रमानें ही प्रजा जन्मास आली. एल्फ नांवाच्या दीर्घायुषी, सुंदर लोकांच्या दोन भाषा त्यांनीं रचल्या. पैकीं एकीवर फिनिश भाषेची छाया आहे, तर दुसरीचा ध्वनि वेल्श भाषेसारखा आहे. दोन्ही एकाच मूळ भाषेपासून नियमबद्ध वर्णविकारांनीं निघालेल्या दाखविल्या आहेत. आपल्याकडे 'हस्त' याचें प्राकृतांत 'हत्थ' व पुढें मराठींत 'हात' झालें, त्याच जातीचे हे नियम आहेत.

एंट नांवाचे वृक्षपाल हीहि त्यांचीच निर्मिति. शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' नाटकांत अरण्य चालून येणार असें भविष्य असतें, आणि प्रत्यक्षांत सैनिक फांद्या घेऊन येतात, याचा टोल्किनना शाळेंत असतांना फार हिरमोड झाला होता. तेव्हां आपल्या कथेंत त्यांनीं खरोखरच झाडें चालविलीं. एंटांची बोली इतकी संथ, कीं जें सांगावयास पुष्कळ वेळ लागावा अशा योग्यतेचें नाहीं, तें ते आपल्या भाषेंत बोलतच नाहींत. यांची कहाणी करुण आहे. एंटांना रानाची ओढ, तर त्यांच्या स्त्रियांना बागाईत व नीटनेटकीं शेतें प्रिय. दोघें दूर राहूं लागलीं, आणि पुढें युद्धांत त्या बागा उजाड झाल्या. त्या स्त्रिया पुन्हां कोणास दिसल्या नाहींत. आतां एंटांत मुलें नाहींत. राहिले ते म्हातारे आणि त्यांचा शोध.

मुलाच्या तक्रारीनें लागलेली शिस्त टोल्किननीं पुढें कधीं सोडली नाहीं. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही तीन खंडांची कथा १९५४-५५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत कोणत्या रात्रीं चंद्राची कोणती कला असावी, हें त्यांनीं तपासून दुरुस्त केलें. आधींच्या पुस्तकांतील एक गंमतीची अंगठी ह्या कथेंत घातकी ठरली; तेव्हां १९५१ च्या आवृत्तींत त्यांनीं जुनें प्रकरण बदललें, आणि पहिली हकीकत हें खुद्द नायकाचेंच असत्य होतें, असा उलगडा केला. ऑर्क नांवाच्या दुष्ट प्रजेनें तर त्यांना अखेरपर्यंत सतावलें. दुष्ट शक्तीला स्वतः कांहीं निर्माण करतां येत नाहीं, ती आहे तेंच बिघडविते, असा त्यांच्या सृष्टीचा नियम. मग ऑर्क आले कोठून? आणि ते बिघडलेले जीव असतील, तर त्यांच्या उद्धाराचें काय? ह्या प्रश्नाचें निर्णायक उत्तर त्यांना सांपडलें नाहीं. पण सोयीसाठीं नियमहि मोडला नाहीं.

एवढा खटाटोप कशासाठीं? याचें उत्तर टोल्किनच्या तारुण्यांत आहे. १९१६ सालीं सोमच्या रणांगणावर ते लढत होते. शाळेपासूनच्या चौघां जिवलग मित्रांपैकीं दोघे त्या वर्षीं पडले. टोल्किन ज्वरानें आजारी होऊन परतले, आणि बरे होत असतांना ह्या सृष्टीच्या आद्यकथा लिहूं लागले. त्या साऱ्या प्रजेच्या मध्यभागीं मृत्यूचा प्रश्न उभा आहे, तो याच वेळेपासून. एल्फांना वार्धक्यानें मरण नाहीं. जग संपेपर्यंत ते जगाशीं बांधलेले, आणि प्रिय तें सर्व झिजतांना पाहणें त्यांच्या नशिबीं. माणसें मरतात व जगाबाहेर जातात. एल्फ त्याला ईश्वराची देणगी म्हणतात. माणूस मात्र तें विसरून मरणाला भितो. चिरंजीवित्व हें नेहमीं सुख नव्हे, हें अश्वत्थाम्याची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना वेगळें सांगावयास नको. अंतर इतकेंच, कीं अश्वत्थाम्याला तो शाप आहे, आणि एल्फांचा अपराध कांहींच नाहीं.

टोल्किनच्या कथेंतील ल्यूथिएन ही एल्फकन्या बेरेन या मर्त्य मानवासाठीं अमरत्व सोडते. १९७१ सालीं टोल्किनची पत्नी वारली आणि १९७३ सालीं ते स्वतः वारले. ऑक्सफर्ड येथील त्यांच्या समाधीवर खऱ्या नांवांखालीं तींच दोन नांवें कोरलेलीं आहेत. कल्पित माणसांशीं प्रामाणिक राहिल्याशिवाय त्यांचीं नांवें खऱ्या दुःखाला आधार होत नाहींत. दाराचा रंग आज निळा, उद्यां हिरवा असें चालवून घेणाऱ्याला तो आधार मिळाला नसता. दाराचा रंग विचारणाऱ्या त्या मुलानें पुढें वडिलांचीं अपुरीं टिपणें जुळवून १९७७ सालीं 'द सिल्मरिलियन' प्रसिद्ध केलें, आणि सारें आयुष्य त्याच कामीं वेंचलें.

म्हणून घरांतील वडील मंडळींस विनंति अशी, कीं गोष्ट ऐकतांना मूल अडवूं लागलें, तर त्याला हंसण्यावारी नेऊं नये. तें गोष्टीवर विश्वास ठेवूं पाहत असतें. आमच्या आजीला हें उपजतच ठाऊक असावें. दुसऱ्या दिवशीं गोष्टीला बसतांच ती पुतणीला म्हणाली, "तुझें खरें ग बाई. सातवें डोकें कुठें गेलें, तें सांगायचें राहिलेंच होतें. ऐक आतां."